फळ्यावरचा दिनविशेष

सोसायटीच्या किंवा शाळेच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहायचा तर जागा सहाच ओळींची धरा: वर तारीख, वार आणि तिथी, मग एकच नोंद, शेवटी चार ओळींची कविता. तीन-चार नोंदी कोंबल्या की कुणीच थांबून वाचत नाही.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस (१९१२) आणि म्हणून मराठी भाषा गौरव दिन. २१ फेब्रुवारीचा मातृभाषा दिन वेगळा. फॉरवर्डमध्ये दोन्ही हमखास एकत्र होतात. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला असते, म्हणजे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. गेल्या वर्षीचा फळा पाहून ती उतरवू नका, पंचांग उघडा.

कवितेला ओवी सोयीची. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. आभार मानायचे तर ज्याचं काम दिसत नाही असा माणूस निवडा:

पहाटे नळाला येते पाणी
हंडा भरताना सुचती गाणी
वॉलमनचे नाव कुणी न जाणी
नमन त्याला

‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’ लिहिलंत तर ते कुणाचेच नसतात.

खडू पाण्यात बुडवून लिहिलं की अक्षर वाळल्यावर ठसठशीत उठतं. मात्र ते कोरड्या डस्टरने जात नाही, मागे पांढुरकी सावली राहते. म्हणून ओला खडू फक्त तारखेच्या ओळीला, आणि संध्याकाळी ओल्या फडक्याने फळा पुसायचा.