बाळंतिणीची सर्दी आणि तीन औषधांची एक गोळी

पाऊस ओसरला की आमच्या पुण्यातल्या कर्वेनगरच्या औषधाच्या दुकानात सर्दीच्या गोळ्यांची मागणी वाढते. भिंतींना बुरशी आलेली असते, मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत फुललेलं असतं. या दोन्हींमुळे अनेकांना ॲलर्जीची सर्दी होते.

त्या दिवसांत एक काकू संपत आलेली स्ट्रिप घेऊन आल्या. "ताई, हीच द्या अजून एक. आणि दुधाच्या पावडरीचा डबा द्या." मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ ५ आठवड्यांचं. मुलीला शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज, ताप नाही. पण कालपासून बाळ पेंगत होतं, नीट ओढत नव्हतं आणि तिला दूधही कमी वाटत होतं. सर्दी दुधातून बाळाला जाते, या समजुतीने अंगावर पाजणं बंद करायचं घरात ठरलं होतं.

स्ट्रिप उलटून पाहिली. पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, फेनिलेफ्रिन १० मिग्रॅ, क्लोरफेनिरामिन २ मिग्रॅ. दिवसातून तीनदा चालू होती. पॅरासिटामॉल पाजणाऱ्या आईला चालतं, पण ताप नसताना ते हवंच कशाला? क्लोरफेनिरामिन हे ॲलर्जीचं जुन्या पिढीतलं, झोप आणणारं औषध. ते थोडं दुधात उतरतं आणि लहान बाळ त्याने सुस्तावू शकतं. फेनिलेफ्रिन नाक मोकळं करण्यासाठी असतं, आणि अशा गोळ्यांनी दूध कमी होण्याची भीती असते. फेनिलेफ्रिनच्या जातीतल्या स्यूडोएफेड्रीनच्या ६० मिग्रॅच्या एकाच डोसने एका छोट्या अभ्यासात दूध सुमारे २४ टक्क्यांनी घटलं होतं. शिवाय फेनिलेफ्रिन पोटातून घेतलं की नाकापर्यंत फारसं पोचतच नाही.

तरीही, ५ आठवड्यांचं बाळ पेंगतंय आणि पीत नाही, याचं खापर गोळीवर फोडून गप्प बसायचं नसतं. बाळाचं अंग गरम आहे का, कालपासून लंगोट किती ओले झाले, हे विचारलं आणि त्यांना लगेच बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. स्ट्रिप सोबत न्यायला सांगितली. बाळाने तोंड लावलं नाही तरी दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहायचं, नाहीतर ते खरोखरच आटतं. काढलेलं दूध बाळालाच वाटी-चमच्याने देता येतं. पावडरीचा डबा मी दिला नाही. तो लागेल की नाही, हे बाळ तपासणाऱ्यानेच ठरवायचं.

संध्याकाळी काकू चिठ्ठी घेऊन आल्या. बाळाला संसर्ग नव्हता, वजन ठीक होतं. जुनी गोळी बंद, अंगावर पाजणं चालू. लोरॅटाडीन १० मिग्रॅ दिवसातून एकदा. हे ॲलर्जीचं नव्या पिढीतलं औषध दुधात फार कमी उतरतं आणि सहसा झोप आणत नाही. सेटिरिझिनही चालतं, फक्त काहींना त्याने थोडी गुंगी येते. सोबत नाकातली सूज उतरवणाऱ्या फ्लुटिकासोनचा स्प्रे होता. तो रक्तात अगदी नगण्य जातो, पण पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. लोक दोन दिवसांत सोडून देतात ते इथेच.

स्प्रे मारायची पद्धत मी प्रत्येकाला करून दाखवते. मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला, श्वास हलका. जोरात ओढलं की औषध घशात जातं. टोक पडद्यावर रोखलं की नाकातून रक्त येतं. आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवावं: उकळून कोमट केलेलं २४० मिली पाणी, अर्धा चमचा आयोडीन नसलेलं मीठ, चिमूटभर खायचा सोडा. घरात चोंदलेलं नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंबही होते. ते तीन-चार दिवसांवर नेले की थांबवल्यावर नाक आणखी चोंदतं.

शिंका कधी जास्त येतात, हेही काकूंना विचारलं. "संध्याकाळी, धुरी दिल्यावर." निखाऱ्यावर ओवा, शेपा, वावडिंग; खोलीची दारं बंद, आत बाळ-बाळंतीण. धूर ॲलर्जीच्या नाकाला सगळ्यात आधी झोंबतो, आणि बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांनाही नको. धुरी बंद करा, हे मी दोनदा सांगितलं. ओवा-शेपा जेवणानंतर चावून खायला हरकत नाही. आणि ओठ-चेहरा सुजला, श्वास घेताना घरघर आली, तर स्प्रे-गोळीची वाट न पाहता थेट रुग्णालय. तिथे अशा गंभीर ॲलर्जीवर दिलं जाणारं ॲड्रिनलिनचं इंजेक्शन पाजणाऱ्या आईलाही चालतं.