वेर्कखेलेखेनहेइट आणि आपली ‘सोय’

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे दर हंगामात रॉटरडॅमच्या बंदरात उतरतात आणि त्या व्यवहाराचे कागद हाताळता हाताळता मी डच भाषा वाचायला शिकलो. गेल्या आठवड्यात एका मजकुरात ‘वेर्कखेलेखेनहेइट’ हा शब्द आला. कोशात त्याचा अर्थ ‘रोजगार’ असा मिळतो. नेदरलँड्सच्या कामगार मंत्रालयाच्या नावात तो १९८१ पासून आहे, आणि पुरेसा रोजगार उपलब्ध करणे ही शासनाची काळजी आहे, असे सांगणाऱ्या तिथल्या राज्यघटनेच्या १९व्या कलमातही तोच आहे.

‘वेर्क’ म्हणजे काम. पुढचा भाग मात्र ‘पडून असणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. त्याचे ‘खेलेखेन’ हे रूप नदीकाठी वसलेल्या गावाबद्दल बोलताना वापरतात. आणि जे योग्य जागी वसले ते सोयीचे, म्हणून एखादी गोष्ट आपल्याला ‘खेलेखेन’ येते म्हणजे सोयीची पडते. त्याला आपल्या ‘पणा’सारखा ‘हेइट’ हा प्रत्यय लागला की संधी, अवसर, सोय असे अर्थ होतात. ‘एटखेलेखेनहेइट’ म्हणजे जेवणाची सोय असलेली जागा, ‘झिटखेलेखेनहेइट’ म्हणजे बसण्याची सोय. तेव्हा ‘वेर्कखेलेखेनहेइट’ शब्दशः ‘कामाची सोय’ ठरतो.

हे लक्षात आले तेव्हा मला सातपूरच्या भाजीबाजारात भेटलेल्या आमच्या जुन्या शेजारीणबाई आठवल्या. मेथीची जुडी निवडता निवडता त्या म्हणाल्या होत्या, “पोराची अंबडला कंपनीत सोय लागली हो एकदाची.” नोकरी हा शब्द त्यांनी उच्चारलाही नाही, आणि तरी डच शब्दाचे याहून नेमके भाषांतर मला सापडलेले नाही.

‘रोजगार’ आपल्याकडे फारसीतून आला. त्यातला ‘रोज’ म्हणजे दिवस, आणि फारसीत या शब्दाचा अर्थ काळ, जमाना असा आहे. द्राक्षबागेत विरळणीला आलेली बाई “रोज किती देणार?” असे विचारते, तेव्हा काम दिवसाच्या मापाने मोजले जात असते; डच शब्द ते जागेच्या मापाने मोजतो. २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या नावात दिवस असला, तरी त्याच्या पोटात जागाही होती: काम शक्यतो गावापासून ५ किलोमीटरच्या आत द्यावे, त्यापलीकडे दिल्यास मजुरी १० टक्के जास्त द्यावी. ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

कारण पेठ आणि सुरगाण्याची कुटुंबे छाटणीच्या दिवसांत घराला कुलूप लावून, लहान मुले आणि भांडीकुंडी घेऊन दिंडोरी-निफाडच्या बागांत मुक्कामाला येतात. त्यांना काम मिळते, रोजही मिळतो; त्यांच्या गावाजवळ मात्र ते काम ‘खेलेखेन’ नसते.