पाकीट पिवळं, बॉम्बही पिवळाच

2001 च्या ऑक्टोबरात अमेरिका अफगाणिस्तानवर बॉम्बही टाकत होती आणि विमानातून जेवणाची पाकिटंही, आणि कहर म्हणजे पाकिटं पिवळी अन् क्लस्टर बॉम्बमधले न फुटता पडलेले छोटे बॉम्बही पिवळेच! मग रेडिओवरून सांगत बसले, बाबांनो नीट बघून उचला. रंग बदलायचं नंतर ठरलं म्हणा. पण मला त्याहून खटकतं ते 2004 चं, दक्षिण अफगाणिस्तानात अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या सैन्याने पत्रकं वाटली की मदत चालू राहायला हवी तर तालिबानची खबर द्या. म्हणजे भुकेल्या माणसाला खबऱ्या करायचं? त्याच जूनमध्ये डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेची 5 माणसं मारली गेली, आणि 24 वर्षं तिथे काम केलेल्या या संस्थेने जुलैत गाशा गुंडाळायचं जाहीर केलं. पत्रकं छापणारे सेफ होते, गोळ्या खाल्ल्या दवाखानेवाल्यांनी.