उगारलेली तलवार अखेर टोकापर्यंत भरली!

मंडळी, दिवाळीच्या किल्ल्यासाठी सिलिकॉनच्या साच्यात मावळा ओततोय, त्याची तलवार निघाली! मुठीपासून टोकापर्यंत अख्खी, आणि टोकाला बुडबुडा नाही.

तोफा, बुरूज, बसलेला पहारेकरी यांचं बरं चाललंय. दिवाळीच्या किल्ल्याचं घोडं अडलं होतं ते हात उगारलेल्या मावळ्यापाशी. साच्याचं तोंड बैठकीकडे, म्हणजे ओतताना मावळा डोक्यावर उभा आणि तलवारीचं टोक पार तळाशी. माल, म्हणजे कालवलेलं पीओपी, वरून उतरतो, हवा खाली कोंडते. साचा आपटला, दाबून सोडला, ब्रशने पहिला हात दिला. तरी दर वेळी तलवारीची कट्यार होऊनच बाहेर.

तोड सापडली डेंटल मालाच्या दुकानात. गेलो होतो डेंटल स्टोन, म्हणजे दाताच्या साच्यात भरतात ते कडक प्लास्टर, आणायला, कारण हार्डवेअरच्या सुट्या पीओपीचा पावसाळ्यात भरवसा नाही. दमट हवा लागली की कधी भांड्यातच आवळतं, कधी तास उलटला तरी ओलंच. माझं रडगाणं ऐकून दुकानदार काका म्हणाले, "अहो, सिलिकॉनवर पाणी ठरतच नाही. लॅबवाले दाताचा साचा भरण्याआधी फवारा मारतात." घरी पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब टाकले, फवारलं, आणि कोरड्या ब्रशने जादाचं पाणी टिपून घेतलं. टिपायचं टाळू नका, नाहीतर पृष्ठभाग भुसभुशीत निघतो. मग साचा तिरका धरून एकाच कडेने सुतासारखी धार सोडली. माल एका बाजूने उतरला की दुसऱ्या बाजूने हवेला वाट राहते.

स्टोनला 100 ग्रॅमला 30 मिली पाणी पुरतं, पीओपीला 50 च्या आसपास लागतं. पाणी कमी, म्हणून माल कडक. महाग आहे खरा, पण मिशीचा पीळ असा उठतो की पैसे वसूल. आणि सिलिकॉनचं कॅटॅलिस्ट (ते घट्ट करणारं द्रव्य) थेंबांनी मोजणाऱ्यांना पुन्हा हात जोडतो: 0.1 ग्रॅमचा काटा घ्या हो!

आता उरलं मनगट. साचा सोलताना काही तलवारी तिथेच मोडतात. आत पितळी तार घालायचं ठरवलंय. लोखंडी नको, तिचा गंज रंगातून वर येतो.

थांबा. तार घालायचीच तर तलवार ओतायची कशाला? मुठीत नुसतं भोक ठेवू! तलवार पितळी पट्टीतून कापायची. एकाच साच्यातून धोपवाला, भालेवाला, निशाणवाला, हवा तो मावळा. साबणाचा फवारा पगडीच्या तुऱ्याला उपयोगी पडेलच.

मास्टरलाच, म्हणजे ज्यावरून साचा घेतो त्या मूळ मावळ्यालाच, भोक पाडलं तर साच्यात सिलिकॉनची बारीक काडी तयार होते आणि ती लवकर तुटते. म्हणून साच्यात स्टीलची सुई रोवेन म्हणतो. तार 1 मिमीची आहे. सुई त्याच मापाची घेऊ, की रंगाचा थर धरून थोडी जाड? केलं असेल त्यांनी लवकर सांगा, मास्टरचा हात मनगटाशी कापून झालाय आणि रविवारी सिलिकॉन ओततोय.