पॉलिश मारू नका

परवा दुपारी कोल्हापुरात राजारामपुरीत एका दोस्ताच्या दुकानात टेकलो होतो, तर त्यानं ड्रॉवरमधनं रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढून समोर ठेवलं. "बघ भावा, घेणार काय? एका रिटायर्ड सरांचं हाय, 45 हजार म्हणत्यात, कमी करतील." ओमेगा सीमास्टर. ऑटोमॅटिक, आत 565 नंबरचं मशीन, 24 ज्वेल्स, म्हणजे झीज कमी करणारे बारीक खडे. पट्टा कुजलेला, काचेवर इतके चरे की टाईम बघायला घड्याळ तिरकं धरायला लागतंय, चावी भलत्याच कंपनीची, तिच्यावर ओमेगाची खूणच नाही. हलवलं की आत रोटर, म्हणजे हात हलला की फिरून आपोआप चावी देणारी चकती, खसखस घासतोय, म्हणजे तिचा एक्सल झिजलाय.

पण डायल बघितलं आणि अडकलो. कधीकाळी पांढरं असणार, आता बशीत वाळलेल्या चहासारखा रंग आलाय, आणि सहाच्या खाली बारीक अक्षरात टी स्विस मेड टी. टी म्हणजे ट्रिटियम, अंधारात काटे दिसायला लावायचे ते. दर 12 वर्षांत निम्मं होत जातं, आता चमकणार कुठनं, नुसते ठिपके पिवळे पडलेत. पण अक्षरं सुबक, रेघा सरळ, म्हणजे डायल अजून कुणी रंगवलेलं नाही. आपल्याकडं जुनं स्विस घड्याळ घ्यायचं म्हणजे पहिली धास्ती असल्या रंगवलेल्या डायलचीच असती.

आणि दोस्त म्हणतोय काय, "मुंबईला पाठवू, डायल नवं करू, केसला बफिंग मारू, नाद खुळा दिसंल!"

इथंच माझं बिनसलं. मला चकचकीत केलेल्या जुन्या वस्तू बघवत नाहीत, आमच्या घरचं सागवानी कपाट कुणीतरी ऑइलपेंटनं रंगवलं तेव्हापासून मी त्याच्याकडं पाठ करून बसतो. बफिंग म्हणजे घासून पॉलिश, ते मारलं की केसच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीच्या, कडा गोल होतात आणि गेलेला धातू काय परत येत नाही. एक्सल बदला, तेलपाणी करा, बरोबरची चावी शोधा, त्याला माझी ना नाही. (दोस्ताच्या मते एक्सल उद्यमनगरात लेथवर करून मिळंल. जिथं ऑइल इंजिनाचे पार्ट करतात तिथं. असो.)

आण्णांकडं एचएमटी जनता होतं, रोज सकाळी चावी द्यायचं. ते कायम पाच मिनिटं पुढं, मुद्दाम. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार फुटबॉल मॅच असली आणि आपली टीम एका गोलनं पुढं असली की आण्णा पाच मिनिटं आधीच उभं राहून रेफ्रीला मनगट दाखवायचे, "टाईम झाला की! शिट्टी मार!" आणि आजूबाजूची दहा-बारा माणसं त्या घड्याळाच्या भरवशावर ओरडायला लागायची. टीम मागं असली की मात्र घड्याळ बाहीच्या आत.

ते बिघडलं की महाद्वार रोडला जिन्याखाली एक घड्याळजी बसायचे, त्यांच्याकडं मला पाठवायचे. डोळ्याला भिंग लावलेलं, मी वाकून बघायला गेलो की न बघताच म्हणायचे, "सावली पाडू नको, आणि श्वास तिकडं सोड, स्क्रू उडंल." काम झालं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं बारीक काहीतरी कोरायचे. एकदा विचारलं तर म्हणाले, "पुढच्या कारागिराला कळायला नको व्हय, कोण हात लावून गेलंय ते?"

म्हणून मी दोस्ताला म्हटलं, मागचं झाकण उघड. रोटर घासून आत चंद्रकोरीएवढा पट्टा पडलाय, आणि त्याच्या बाजूला सुईनं कोरलेलं, वेगवेगळ्या हातांचं. शेवटचं 6/84, म्हणजे जून 84. त्यानंतर कुणी उघडलेलंच दिसत नाही. ह्याच्यावर बफिंग मारा म्हणायला जीभ कशी वळती लोकांची?

बायकोला सांगितलं तर म्हणाली, "एवढ्या पैशात टाईम तरी बरोबर दाखवणार काय?" आता मशीन सेकंदाला साडेपाच ठोके देतं हे तिला सांगून काय उपयोग.

तर 38 हजार सांगितलेत, घड्याळ आहे तसंच पाहिजे ह्या अटीवर. रात्री दोस्ताचा फोन, सर 38 ला तयार आहेत, पण असलं मळकं घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला त्यांना लाज वाटतीय, म्हणून उद्या सकाळी स्वखर्चानं पॉलिश करून आणतो म्हणालेत. मी फोनवरच ओरडलो. दोस्त म्हणतोय थांबवलंय त्यांना. थांबले असले म्हणजे बरं.