पीएच ७.१ होता, तरी

लग्नाची दाट तिथी होती. पुण्यातल्या आमच्या पाच टनी बायोगॅस प्लांटवर त्या दिवशी सात टन ओला कचरा उतरला. त्यात आमरसाची पिंपं, गुलाबजामचा पाक. "आज एवढं नको" म्हणायची सोय नाही, कारण आमचं बिल आलेल्या टनांवर निघतं, बनलेल्या गॅसवर नाही. मी क्रशर चालू करायला सांगितलं.

डायजेस्टरमधले, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या बंद टाकीतले, काही जीवाणू अन्नाचं आम्ल करतात, ते काही तासांत दुप्पट होतात. त्या आम्लापासून मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना मात्र दुप्पट व्हायला दिवस लागतात. साखर मिळाली की पहिले सुसाट सुटतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी कचरा निवडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, टाकीकडून आंबूस वास येतोय. शिळ्या ताकासारखा." मी पीएच मीटर बुडवला. ७.१. "ठीक आहे मावशी," म्हणालो आणि रोजचं फीड, म्हणजे वाटलेला कचरा, टाकीत सोडलं. संध्याकाळी बर्नर पेटवला तर ज्योत फडफडली, वर उचलली गेली आणि विझली. गॅस साठवायचा बलून फुगलेला होता, पण आत कार्बन डायऑक्साइडच जास्त.

मीटर चुकला नव्हता. स्लरीतली, म्हणजे टाकीतल्या पातळ राड्यातली, क्षारता येणारं आम्ल झेलत राहते. ती संपेपर्यंत पीएच फारसा हलत नाही, मग धाडकन पडतो. म्हणून आम्ल आणि क्षारता यांचं गुणोत्तर काढायचं असतं. ते ०.४ च्या वर गेलं की हात आखडायचा. पण ते मोजायच्या चाचणीला, टायट्रेशनला, लागणारं आम्ल संपून तीन आठवडे झाले होते आणि मागणीपत्र ऑफिसात पडून होतं. एका बाटलीसाठी!

दुसऱ्या दिवशी पीएच ६.२. ऑफिसातून फोन आला, चुना टाका. प्लांटवर कधी पाऊल न ठेवणाऱ्यांचा हा ठरलेला सल्ला. चुना आधी गॅसमधला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, दाब घसरतो आणि तळाशी खडूचा थर बसतो. मी खाण्याचा सोडा मागवला, पाण्यात विरघळवून थोडा थोडा सोडला. फीड बंद केलं. गोठ्यावरच्या चालू गोबर गॅसमधली स्लरी दोन टँकर आणून ओतली. अकराव्या दिवशी ज्योत निळी, स्थिर उभी राहिली. त्यावर पहिला चहा मावशींनी ठेवला.

तेवढे दिवस आमच्या गाड्या कचरा डेपोवर रिकाम्या झाल्या. घराघरांतून वेगळा काढून दिलेला ओला कचरा सुक्यातच गेला.

नोंदवहीत त्या सकाळची ओळ माझ्याच अक्षरात आहे: पीएच ७.१, सर्व ठीक. वासासाठी रकाना नाही. तेवढं एक फीड थांबवलं असतं तर टाकी सावरली असती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.