डोळ्यात कुठला नंबर ठेवणार, ते आधी बोला

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सर्जन निवडताना बाकीचं बहुतेक सुरळीत पार पडतं. बाहुल्या मोठ्या करणारे ड्रॉप्स, स्लिट लॅम्पखाली तपासणी, डोळ्याचं प्रेशर, पडद्याची तपासणी, साखर आणि रक्तदाब, सगळं रांगेनं होतं. माझं घोडं अडलं ते काउन्सेलरच्या टेबलाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

टेबलावर लॅमिनेट केलेला तक्ता असतो. मोनोफोकल (एकाच अंतराचं भिंग), एडॉफ (लांबचं आणि मधल्या अंतराचं), ट्रायफोकल (तीन अंतरांचं), टॉरिक (सिलिंडर नंबर घालवणारं) असे रकाने, प्रत्येकाखाली रक्कम. ‘कुठलं पॅकेज करायचं?’ हा पहिला प्रश्न. माझा प्रश्न वेगळा होता: ऑपरेशननंतर डोळ्यात चष्म्याचा नंबर किती ठेवणार? उत्तर आलं, ‘काका, लांबचं चष्म्याशिवाय दिसेल, काळजी करू नका.’ पुन्हा विचारलं की तक्ता पुन्हा पुढे. सर्जनशी बोलायचं म्हटलं तर सर ओटीत. पॅकेज ठरल्याशिवाय तारीख मिळत नाही, आणि तारीख मिळाल्याशिवाय सर्जन भेटत नाहीत.

प्रश्न फालतू नव्हता. आतलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवताना सर्जन डोळ्याचा नंबर नव्यानं ठरवत असतो. शून्य ठेवायचा, उणे अडीच ठेवायचा की मधलं काही, हे त्याच्या हातात असतं, आणि एकदा बसवलेलं भिंग बदलणं म्हणजे दुसरं, पहिल्याहून अवघड ऑपरेशन. जन्मभर उणे पाचचा चष्मा लावणाऱ्याला चष्मा काढला की 20 सेंटिमीटरवरचं स्वच्छ दिसतं. काटा काढणं, औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं, रात्री आडवं पडून वाचणं, हे सगळं तो चष्मा काढून करत आलेला असतो. त्याच्या डोळ्यात साधं मोनोफोकल भिंग शून्य नंबर धरून बसवलं, तर लांबचं छान दिसतं आणि हातातलं पुसट होतं. वाचायला अधिक अडीचच्या आसपासचा चष्मा लागतो. कागदावर ऑपरेशन यशस्वी, आणि माणूस चिडलेला. उणे अडीच ठेवला तर 40 सेंटिमीटरवरचं, म्हणजे पुस्तकाच्या अंतरावरचं, चष्म्याविना दिसतं आणि लांबसाठी चष्मा राहतो. हिशेब सोपा आहे: 100 ला नंबराने भागा, डोळ्याला स्पष्ट दिसण्याचं अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं.

दोन्हींत चूक-बरोबर काही नाही. गाडी चालवणाऱ्याला शून्य सोयीचं, दिवसभर वाचणाऱ्याला कदाचित उणे. तिसरा मार्ग म्हणजे एका डोळ्यात शून्य आणि दुसऱ्यात उणे एक ते सव्वा, म्हणजे लांबचं एक डोळा सांभाळतो आणि कॉम्प्युटरचं दुसरा. हे सगळ्यांना मानवत नाही. म्हणून मोतीबिंदू फार दाट नसेल तर आधी कॉन्टॅक्ट लेन्स किंवा तपासणीच्या चौकटीत काचा घालून पाहावं. हे पाच मिनिटं बसून बोलण्याचं काम आहे, आणि ते फक्त सर्जन करू शकतो. भिंग तो निवडतो, काउन्सेलर नाही.

माझा निकष इथेच ठरला: जो सर्जन भिंगाच्या कंपनीआधी ‘दिवसभरात नजरेचं काम कुठल्या अंतरावर असतं?’ असं विचारतो, तो. बाकी सगळं त्यानंतर.

टेबलावरचा दुसरा अडथळा बायोमेट्रीच्या, म्हणजे डोळ्याच्या मोजमापांच्या, कागदाचा. ‘तो फाइलला असतो, पेशंटला देत नाही’ असं ऐकवतात. मागा आणि मिळेपर्यंत उठू नका. तो तुमच्याच डोळ्याचा अहवाल आहे, आणि सेकंड ओपिनियनला जायचं तर त्याच्याविना काही अर्थ नाही.

कागदावर काय बघायचं ते सांगतो. वर डोळ्याची लांबी असते, मिलिमीटरमध्ये. सरासरी डोळा साडेतेवीसच्या आसपास, उणे नंबरवाल्यांचा जास्त. तिच्या मोजमापात एक मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच ते तीन डायॉप्टरनं (डायॉप्टर म्हणजे नंबर मोजायचं एकक) हुकतो. के1 आणि के2 हे कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्यावरच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या, वळणाचे दोन आकडे. त्यांतला फरक म्हणजे कॉर्नियाचा सिलिंडर, एका दिशेला वळण जास्त असणं. खाली भिंगांचा तक्ता. डाव्या रकान्यात भिंगाची पॉवर अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीनं, उजवीकडे ते भिंग बसवलं तर चष्म्याचा कुठला नंबर उरेल याचा अंदाज. भिंगाची अर्ध्याची एक पायरी चष्म्याच्या नंबरात साधारण 0.35 नं दिसते. म्हणजे शून्याऐवजी उणे अडीच हवा असेल तर साधारण साडेतीन डायॉप्टर जास्त पॉवरचं भिंग लागतं. वरच्या कोपऱ्यात ‘टार्गेट’ असा शब्द आणि त्यापुढे आकडा छापलेला असतो. मशीन सहसा शून्यावर सेट असतं, आणि कुणी काही बोललं नाही तर तुमच्या डोळ्यात तोच शून्य जातो. सर्जननं त्या तक्त्यातल्या एका ओळीवर पेनानं गोल करून ‘ही’ म्हटलं, की बोलणं झालं असं समजा. त्याआधी नाही.

लांबी दोन्ही डोळ्यांची मोजलेली असावी, ऑपरेशन एकाचं असलं तरी. दोघांत 0.3 मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर पुन्हा मोजायला सांगा. फरक खरा असू शकतो, पण आधी चूक नाही ना हे बघायचं. मोतीबिंदू पूर्ण पांढरा झाला असेल तर प्रकाशावर चालणारं मशीन आरपार बघू शकत नाही, मग अल्ट्रासाउंडचं ए-स्कॅन करतात. त्यात प्रोब कॉर्नियाला टेकवून मोजताना जरा जास्त दाबला गेला तर डोळा आखूड मोजला जातो, भिंग जास्त पॉवरचं निवडलं जातं आणि उणे नंबर उरतो. पाण्याच्या कपातून, न दाबता मोजण्याची इमर्शन पद्धत आहे, ती विचारा. ‘मोतीबिंदू पिकू दे, मग बघू’ या जुन्या सल्ल्याचा तोटा इथेही आहे. कडक झालेलं भिंग फोडायला मशीनची ताकद जास्त लागते, कॉर्नियाच्या आतल्या पेशींना धक्का बसतो, आणि मोजमापही कच्चं होतं.

हे मोजायला जाण्याआधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद. मऊ लेन्स निदान एक-दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे, कारण लेन्समुळे कॉर्नियाचा आकार बदललेला असतो. डोळे कोरडे असतील तर आधी त्याचा इलाज. कोरड्या डोळ्यावर के1-के2 दर वेळी वेगळे येतात. पूर्वी लेसिक केलं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा आणि जुने कागद असतील तर न्या. भिंगाची पॉवर काढायची नेहमीची सूत्रं अशा डोळ्यावर चुकतात. उणे नंबरासाठी लेसिक केलं असेल तर ती कमी पॉवरचं भिंग सुचवतात आणि माणूस अधिक नंबरात जाऊन पडतो, जवळचंही नाही आणि लांबचंही नाही. त्यासाठी वेगळी सूत्रं आहेत. ‘कुठलं सूत्र वापरता?’ या प्रश्नाला सर्जन बॅरेट, हेगिस, हॉफर असं काही नाव घेऊन कारण सांगेल. ‘ते मशीन करतं’ हे उत्तर नाही.

आता त्या महागड्या रकान्यांबद्दल. ट्रायफोकल भिंग आत येणारा प्रकाश दोन-तीन अंतरांत वाटून देतं. चष्मा सुटण्याची शक्यता वाढते हे खरं. पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि अंधुक उजेडात फिक्या रंगांतला फरक कमी कळतो. पडद्याच्या मध्यभागी दोष, वाढलेला काचबिंदू, वेडावाकडा कॉर्निया किंवा बराच कोरडेपणा असेल त्यानं ते घेऊ नये. म्हणून असं भिंग सुचवण्याआधी पडद्याचं ओसीटी, म्हणजे त्याच्या थरांचं स्कॅन, झालंच पाहिजे. ते न करता ट्रायफोकल विकणाऱ्या ठिकाणाहून मी सरळ उठेन. टॉरिकचं वेगळं: कॉर्नियाचा सिलिंडर एक-दीड डायॉप्टर असेल तर ते उपयोगी आहे, पण ठरलेल्या अक्षावरच बसायला हवं. एक अंश फिरलं की सुमारे 3 टक्के परिणाम जातो, 30 अंश फिरलं तर सिलिंडर होता तेवढाच राहतो. तेव्हा विचारा: ऑपरेशनआधी पेशंटला बसवून डोळ्यावर अक्षाची खूण करता का, आणि नंतर भिंग फिरलं तर परत जागेवर कोण आणणार?

‘लेसरनं मोतीबिंदू’ हा तक्त्यातला आणखी एक रकाना. नेहमीचं ऑपरेशन, म्हणजे फेको, हे अल्ट्रासाउंडनं होतं. अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांनी ते 1967 मध्ये सुरू केलं. दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून भिंग फोडून ओढून घेतात आणि घडी घातलेलं कृत्रिम भिंग त्याच छेदातून आत उलगडतात. टाका सहसा लागत नाही. फेम्टो लेसर त्यातले छेद आणि पहिले तुकडे करून देतो, बाकीचं काम फेकोचंच. 2020 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समधल्या मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, त्यांत लेसरनं नजर जास्त चांगली आली असं दिसलं नाही. पैसे जास्त असतील तर तिथे घाला. मी घातले नसते.

एक गोष्ट मध्येच सांगतो, नाहीतर राहून जाईल. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल, किंवा पूर्वी कधी घेतलं असेल, तर ते सर्जनला सांगा. त्यानं बुबुळ सैल पडतं, बाहुली ऑपरेशनच्या मध्येच आकसते आणि बुबुळ छेदातून बाहेर येऊ पाहतं. गोळी आयत्या वेळी बंद करून हे टळत नाही. पण सर्जनला आधी माहीत असेल तर तो बाहुली ताणून धरणारे हुक किंवा रिंग तयार ठेवतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही अशाच: मनानं बंद करू नका, विचारून घ्या.

सर्जनच्या हाताबद्दल विचारायला लोक लाजतात. लाजायचं काय त्यात? भिंग ज्या पातळ पिशवीत बसतं तिचा मागचा पापुद्रा फाटणं ही यातली ओळखीची अडचण. शंभरात एक-दोन डोळ्यांत होते, चांगल्या हातात त्याहून कमी. ‘तुमच्याकडे किती होतं?’ याला ‘माझ्याकडे होतच नाही’ असं उत्तर आलं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. भरपूर ऑपरेशनं करणाऱ्याकडे ते कधीतरी होतंच. आकडा सांगणारा, आणि फाटलं तर काय करतो हे सांगणारा सर्जन बरा: विट्रेक्टोमीची (पुढे आलेला डोळ्यातला जेलीसारखा भाग काढण्याची) सोय तिथेच आहे का, पिशवी फाटली तरी बसवता येणारं ‘थ्री-पीस’ प्रकारचं जादा भिंग ओटीत ठेवलेलं असतं का, भिंगाचा तुकडा मागे पडला तर पडद्याचा सर्जन किती लवकर मिळतो. ऑपरेशन तो स्वतः करणार की फेलो, म्हणजे त्याच्या हाताखाली शिकणारा डॉक्टर, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी कोण सोडणार, हेही. ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात अँटिबायोटिक सोडता का, हा प्रश्न विसरू नका. आतलं इन्फेक्शन साधारण हजारात एक किंवा त्याहून कमी, पण झालं तर डोळा जाऊ शकतो. 2007 च्या युरोपातल्या अभ्यासात अशा सोडलेल्या सेफ्युरॉक्झिम या अँटिबायोटिकनं ते पाचपटीच्या आसपास घटलेलं दिसलं.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा आलेली नजर परत धूसर झाली तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्री फोन कोण उचलतं, तो नंबर निघण्याआधीच घेऊन ठेवा. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी हळूहळू पुसट झालं तर ते सहसा भिंगामागची पिशवी धूसर झाल्यामुळे. याग लेसरनं काही मिनिटांत साफ होते. मोतीबिंदू परत आला, असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. डिस्चार्ज कार्डावर भिंगाचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर मॉडेल, पॉवर आणि सीरियल नंबर. मॉडेल आणि पॉवर पॅकेजप्रमाणे आणि गोल केलेल्या ओळीप्रमाणे आहे का, तिथल्या तिथे पाहा आणि फोटो काढून ठेवा.

दोन्ही डोळ्यांचा नंबर मोठा असेल तर मधल्या काळाचीही तयारी लागते. एक डोळा शून्यावर आणि दुसरा उणे पाचवर असला तर चष्म्यानं दोन्हींची प्रतिमा जुळत नाही, गरगरतं. दुसऱ्या डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स हा सरळ मार्ग, फक्त त्या डोळ्याची बायोमेट्री आधीच उरकलेली असावी. ती उरकलेली असली तरी दुसऱ्या डोळ्याचं भिंग पहिला स्थिरावल्यावर ठरवलेलं बरं. चार-सहा आठवड्यांनी पहिल्या डोळ्याचा चष्म्याचा नंबर काढा आणि कागदावरच्या अंदाजाशेजारी लिहा. उत्तम मोजमापानंतरही शंभरातले साधारण वीस-पंचवीस डोळे अर्ध्या डायॉप्टरच्या बाहेर जातात, त्यामुळे फरक दिसला म्हणून भांडायला जाऊ नका. पण पहिला डोळा ज्या बाजूला हुकला, दुसराही बहुधा त्याच बाजूला हुकतो, आणि सर्जन त्यातला अर्धा फरक दुसऱ्या भिंगात भरून काढू शकतो. तो आकडा काउन्सेलरच्या टेबलावर देऊ नका, तिथे परत तक्ताच पुढे येईल. थेट सर्जनच्या हातात द्या.